वास हरवलेले मासे

नदीकाठी मेलेल्या माशांचा खच दिसला की वर्तमानपत्रात बातमी येते. पाण्याचे नमुने घेतले जातात, कोणी काय सोडले याची चर्चा होते. चार दिवसांनी पाणी वाहून जाते, मेलेले मासे दिसेनासे होतात आणि बातमीही थांबते. पुढे कधीतरी आपण पुलावरून खाली डोकावतो. दोन-चार मासे फिरताना दिसले की म्हणतो, ‘‘ठीक आहे, मासे आहेत की!’’

मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी चांगले आहे, असे आपण धरून चालतो. शास्त्रज्ञही बरीच वर्षे साधारण याच पद्धतीने विचार करत होते. एखादा पदार्थ माशांना किती घातक आहे हे ठरवण्यासाठी निरनिराळ्या प्रमाणात तो मिसळलेल्या पाण्यात मासे ठेवायचे आणि ९६ तासांनी, म्हणजे चार दिवसांनी, किती मेले ते मोजायचे. ज्या प्रमाणाला निम्मे मासे मरतात, ते त्या पदार्थाचे मारक प्रमाण. ही पद्धत सोपी आहे, तिचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात, आणि ती आजही वापरात आहे.

पण या पद्धतीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. जे निम्मे मासे जगले, त्यांचे काय? ते पोहत होते, कल्ले हलवत होते, एवढेच आपण पाहिले. त्यांना अन्न सापडत होते का? शत्रू आला तर कळत होते का? थव्यात राहता येत होते का? काचेच्या टाकीत या गोष्टी आल्या नाहीत तरी मासा चार दिवस जगतो. नदीत मात्र चार मिनिटेही जगेल याची खात्री नाही. धातूंच्या प्रदूषणाच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरला आहे. कारण तांबे, कॅडमियम, पारा यांसारखे धातू माशाला मारण्याच्या कितीतरी आधी त्याचे वागणे बदलतात. ते कसे, हे समजून घेण्यासाठी सुरुवात माशाच्या नाकापासून करू.

माशाला नाक कशाला?

‘मासा श्वास कशाने घेतो?’ असे वर्गात विचारले तर ‘कल्ल्यांनी’ असे उत्तर लगेच येते. मग ‘माशाला नाक असते का?’ असे विचारून पाहा. बहुतेक मुले ‘नाही’ म्हणतील. बाजारातून आणलेला रोहू किंवा कटला नीट पाहिला, तर डोळ्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना लहान छिद्रे दिसतात. तेच माशाचे नाक. श्वासाशी त्याचा काही संबंध नाही. बहुतेक माशांत प्रत्येक बाजूला दोन छिद्रे असतात. पुढच्या छिद्रातून पाणी आत येते आणि मागच्या छिद्रातून बाहेर जाते. मध्ये एक छोटी पोकळी असते आणि तिच्यात फुलाच्या पाकळ्यांसारख्या बारीक घड्या असतात. या घड्यांवर वास ओळखणाऱ्या चेतापेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात.

या पेशींची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी कातडी, स्नायू, हाडे यांच्या आड सुरक्षित असतात. वासाच्या पेशींना ती सोय नाही. वास घ्यायचा तर बाहेरच्या जगाला थेट स्पर्श करायला हवा. माशात या पेशींचे एक टोक श्लेष्माच्या पातळ थराखाली जवळजवळ उघड्या पाण्यात असते आणि दुसरे टोक सरळ मेंदूला जाऊन मिळते. म्हणजे बाहेरचे पाणी आणि माशाचा मेंदू यांच्यामध्ये अंतर असते ते फक्त एका पेशीचे.

गढूळ पाण्यात, रात्री, दगडांच्या कपारीत डोळ्यांचा उपयोग थोडा. वास मात्र सगळीकडे पोचतो. अन्न कुठे आहे, जोडीदार कुठे आहे, आपला थवा कोणता, शत्रू जवळपास आहे का, ही माहिती माशाला पाण्यात विरघळलेल्या पदार्थांवरून मिळते. पाण्यातले हे पदार्थ म्हणजे माशांचे रोजचे वर्तमानपत्रच म्हणा ना!

भीतीचा वास

या वर्तमानपत्रातली सर्वांत महत्त्वाची बातमी कशी उघडकीस आली, ती हकिकत मोठी मजेदार आहे. ऑस्ट्रियातले शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश आपल्याला माहीत आहेत ते मधमाशांच्या नृत्याचा अर्थ लावणारे म्हणून. त्या कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माशांच्या ज्ञानेंद्रियांवरही त्यांनी पुष्कळ काम केले होते. तळ्याकाठी ते मिनो नावाच्या लहान माशांच्या थव्याला खाऊ घालत आणि त्यांचे निरीक्षण करत. एकदा खुणेसाठी शेपटीजवळ छेद दिलेला एक मासा त्यांनी थव्यात परत सोडला. माणसाळलेला तो थवा एकाएकी बिथरला, एकमेकांना चिकटून गोळा झाला आणि खोल पाण्यात निघून गेला.

फ्रिश यांनी याचा छडा लावला. माशांना भीती वाटली होती ती जखमी माशाच्या त्वचेतून पाण्यात उतरलेल्या पदार्थाची. निरोगी मासा हा पदार्थ बाहेर सोडत नाही. त्वचा फाटली, तिच्यातल्या विशिष्ट पेशी फुटल्या, तरच तो बाहेर पडतो. १९३८ साली त्यांनी ही नोंद प्रसिद्ध केली. या पदार्थाला आपण ‘भयद्रव्य’ म्हणू. त्याचा अर्थ माशांच्या दृष्टीने अगदी सरळ आहे : जवळच कोणाला तरी शत्रूने चावा घेतला आहे, सावध व्हा!

भयद्रव्य पाण्यात आले की काही मासे जागच्या जागी स्तब्ध होतात, काही तळाशी जातात, काही दाट थवा करतात, खाणे तर सगळेच थांबवतात. आपल्याकडचे रोहू, कटला, मृगळ, महसीर आणि मागूर, शिंगी यांसारखे मिशीवाले मासे मिनोच्याच मोठ्या गणसमूहात मोडतात, आणि भयद्रव्याच्या पेशी हे या समूहाचे वैशिष्ट्य आहे. सामन, ट्राउट अशा इतर काही माशांतही अशीच सूचना देण्याची व्यवस्था आढळते.

यात शिक्षणाचाही भाग आहे. पाइक हा युरोप-अमेरिकेतला शिकारी मासा. ज्या मिनोने पाइक कधी पाहिलाच नाही, त्याला पाइकच्या वासाची भीती नसते. पण पाइकचा वास आणि भयद्रव्य एकाच वेळी त्याच्या नाकात गेले, तर पुढच्या वेळी नुसत्या पाइकच्या वासानेही तो सावध होतो. म्हणजे शत्रू कोण हे तो दुसऱ्याच्या अनुभवावरून शिकतो. वास घेता येत नसेल, तर हा धडाही बुडाला.

तांबे काय करते?

आता या नाकात थोडे तांबे घालून पाहू. तांबे हा काही परका पदार्थ नाही. माणसाला आणि माशालाही ते अत्यल्प प्रमाणात लागतेच. अनेक विकरांचे काम तांब्यावाचून चालत नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि तांबे पाण्यात कोणत्या रूपात आहे याचा आहे. पाण्यात विरघळलेले तांब्याचे मोकळे आयन वासाच्या पेशींच्या टोकांशी पोचतात. तिथे गंधाचे रेणू ओळखणाऱ्या आणि ती खबर विद्युतसंदेशाच्या रूपात पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेच्या कामात ते अडथळा आणतात. प्रमाण वाढले तर पेशी मरूही लागतात.

किती प्रमाणाला हे घडते? अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यात कोहो जातीच्या सामन माशांवर झालेले प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोहोची पिले फक्त तीन तास तांबेयुक्त पाण्यात ठेवली. तांब्याचे प्रमाण होते लिटरला २ ते २० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग! नंतर पिलांच्या नाकातल्या पेशींचा विद्युत-प्रतिसाद मोजला आणि पाण्यात सामनच्या त्वचेचा अर्क टाकून त्यांचे वागणेही पाहिले. साध्या पाण्यातली पिले अर्क येताच स्तब्ध झाली. तांब्याच्या पाण्यातून आलेल्या पिलांत २ मायक्रोग्रॅमलाही फरक दिसला. जसजसे प्रमाण वाढले तसतसा प्रतिसाद क्षीण होत गेला आणि पिले जणू काही घडलेच नाही अशी फिरत राहिली.

ही पिले आजारी दिसत नव्हती. पोहत होती, तोल सांभाळून होती. मग त्यांचे बिघडले काय? हे पाहण्यासाठी पुढचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. तांब्याच्या पाण्यात तीन तास राहिलेली पिले आणि साध्या पाण्यातली पिले यांना शिकारी ट्राउट माशाच्या टाकीत सोडले. भयद्रव्याचा वास येताच साध्या पाण्यातली पिले थिजून उभी राहिली. ट्राउट नजरेने शिकार करतो, हलणारी वस्तू त्याला चटकन दिसते. तांब्याच्या पाण्यातली पिले हलत राहिली आणि लवकर पकडली गेली. तांब्याने त्यांना मारले नाही, ट्राउटने मारले. नदीत असे घडले तर काठावर एकही मेलेला मासा दिसणार नाही. मासे नुसतेच कमी होत जातील.

मासा पाण्याची हालचाल ओळखतो ती पार्श्वरेखेने. माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ दिसते, ती हीच. तिच्यातही बाहेरच्या पाण्याशी संपर्क असणाऱ्या नाजूक रोमपेशी असतात. झेब्रामाशाच्या पिलांवरील प्रयोगात तांब्याच्या लिटरला २० मायक्रोग्रॅम प्रमाणाला काही तासांतच या रोमपेशी मरू लागल्या. अशा पिलांना प्रवाहाच्या दिशेला तोंड करून स्थिर राहणे जमेना. पार्श्वरेखेच्या पेशींनाही वासाच्या पेशींसारखेच बाहेर उघडे राहावे लागते, आणि त्यामुळे धातूचा पहिला घाव त्यांच्यावर बसतो.

अर्ध्या वाटेवरून परत

प्रयोगशाळेतल्या टाकीत जे दिसते ते खऱ्या नदीत घडते का, अशी शंका येणे रास्त आहे. तिचे एक उत्तर कॅनडाच्या पूर्वेकडील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मिरामिशी नदीने दिले. तिच्या वायव्येकडील शाखेत अटलांटिक सामन अंडी घालण्यासाठी समुद्रातून वर चढतात. सामन आपल्या जन्माचा ओढा त्याच्या वासावरून ओळखतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतर दाखवून दिले होते. या शाखेवर वर जाणारे आणि खाली येणारे मासे मोजण्यासाठी आडवे कुंपण घातलेले होते, त्यामुळे वर्षावर्षांच्या नोंदी उपलब्ध होत्या.

नदीच्या खोऱ्यात तांबे-जस्ताची खाण सुरू झाली आणि तिचे धातुयुक्त पाणी नदीत येऊ लागले. त्याआधी वर चढलेल्या सामनांपैकी १ ते ३ टक्केच वेळेआधी परत फिरत. प्रदूषणाच्या वर्षांत हे प्रमाण १० ते २२ टक्क्यांवर गेले. माशांनी पाण्यातले धातू ओळखले आणि अंडी न घालताच ते खाली वळले. काही नंतर पुन्हा वर चढले, बरेच मात्र पुन्हा दिसलेच नाहीत. सॉन्डर्स आणि स्प्रेग या शास्त्रज्ञांनी १९६७ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. मासे ज्या प्रमाणाला परत फिरत होते, ते मारक प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी होते. नदीत मेलेले मासे मोजत बसलो असतो, तर यातले काहीच कळले नसते. जन्माला न आलेली पिढी मोजणार कशी?

इथे कोणी म्हणेल, ‘‘मासे धातू ओळखून दूर जातात हे तर चांगलेच झाले.’’ ते थोड्या प्रमाणापुरते खरे आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चिनूक सामनांनी लिटरला एक मायक्रोग्रॅमहून कमी तांबेही टाळले. पण प्रमाण ४४ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेल्यावर त्यांनी टाळणेच सोडून दिले. ज्या नाकाने धोका ओळखायचा, तेच बधिर झाले होते. इतकेच काय, तीन-चार आठवडे अवघ्या २ मायक्रोग्रॅम तांब्याच्या पाण्यात राहिलेले चिनूक मासे नंतर तांबे टाळूच शकले नाहीत. म्हणजे ज्या पाण्यापासून पळायला हवे, तिथेच ते निवांत राहतात. ‘अमुक ठिकाणी मासे आहेत, म्हणजे पाणी बरे असेल’ हा आपला तर्क अशा वेळी किती फसवा ठरतो पाहा.

कॅडमियम आणि पारा

तांब्याखेरीज इतर धातूंच्याही खोडी आहेत. कॅडमियमचा शरीराला काही उपयोग नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ट्राउटची पिले सात दिवस लिटरला २ मायक्रोग्रॅम कॅडमियम असलेल्या पाण्यात ठेवली. त्यानंतर भयद्रव्याला त्यांनी नेहमीचा प्रतिसाद दिला नाही. तपासात कॅडमियम नाकातल्या पेशींत आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर साठलेले आढळले. विशेष म्हणजे अन्नातून कॅडमियम दिलेल्या पिलांचे वागणे असे बिघडले नाही. विष तेच, पण नाकावाटे आले तर परिणाम वेगळा आणि तोंडावाटे आले तर वेगळा!

पाऱ्याची वाट निराळी आहे. पाण्याच्या तळातील जिवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो अन्नसाखळीतून चढत जातो, लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो आणि मेंदूत शिरतो. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ साली उघडकीस आलेला माणसांचा आजार याच मिथिल पाऱ्याचा होता. उत्तर अमेरिकेतील गोल्डन शायनर या गोड्या पाण्यातील लहान माशांना मिथिल पारा असलेले अन्न दिले, तेव्हा शिकारी पक्ष्याची प्रतिकृती वरून नेल्यावर त्यांचे विखुरणे व पुन्हा थवा करणे यांत बिघाड दिसला. थव्याबाहेर राहिलेला मासा शत्रूला सहज सापडतो, हे सांगायला नको.

आपल्याकडे अनेक विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांत धातूंचे गोड्या पाण्यातील माशांवर होणारे परिणाम अभ्यासले गेले आहेत. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडणे, कल्ल्यांची उघडझाप वाढणे, अंगावर श्लेष्मा सुटणे, तोल जाऊन गिरक्या घेणे, अशा नोंदी त्यांत वारंवार येतात. मात्र ही लक्षणे मोठ्या प्रमाणाची, मृत्यूच्या जवळची आहेत. वास जाणे, थव्यातून मागे पडणे हे बदल त्याच्या फार आधी सुरू होतात आणि नुसत्या नजरेला दिसत नाहीत.

आपले पाणी आणि माशाचे पाणी

आपल्या घरांत तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवण्याची रीत जुनी आहे. ते पाणी आपल्याला बाधत नाही, मग माशाला कसे बाधेल? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (२०१२) तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम, म्हणजे १५०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. सामनच्या पिलांचा वास मंदावतो २ मायक्रोग्रॅमला! आपण पाणी पितो तेव्हा ते जठरात जाते, यकृत जास्तीचे तांबे बाहेर टाकते. मासा पाण्यातच राहतो, त्याचे कल्ले आणि नाक चोवीस तास त्याच पाण्यात असतात. ‘माणसाला पिण्यायोग्य’ असा शेरा मिळालेले पाणी माशाला राहण्यायोग्य असेलच असे नाही.

अर्थात, हे आकडे जसेच्या तसे आपल्या प्रत्येक नदीला लावता येणार नाहीत. पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले सेंद्रिय पदार्थ विरघळलेले असतील, तर ते तांब्याला बांधून ठेवतात आणि मोकळे आयन कमी होतात. पाण्याचा जडपणा माशाच्या कल्ल्यांचे तांब्यापासून बऱ्यापैकी रक्षण करतो. नाकाचे रक्षण मात्र त्याने फारसे होत नाही, असे कोहो माशांवरील प्रयोगांत दिसले. त्यामुळे जड पाण्यात मासा तगून राहील, पण वास गमावून. दोन नद्यांत तांबे सारखेच मोजले गेले, तरी त्यांतल्या माशांची अवस्था सारखी नसते ती यामुळे.

हे तांबे येते कुठून? खाणी आणि धातुकाम, मुलामा देण्याचे कारखाने ही ठळक ठिकाणे. याशिवाय कितीतरी लहान वाटा आहेत. वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरात तांबे वापरले जाई. ब्रेक दाबला की त्याची भुकटी रस्त्यावर पडते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाते. कोहो माशांवरील प्रयोगांमुळे या वाटेकडे लक्ष वेधले गेले. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी २०१० साली ब्रेकमधील तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. वॉशिंग्टनच्या कायद्यात २०२१ पासून ५ टक्क्यांची आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली आहे. एका बोटभर माशाच्या नाकाचा अभ्यास मोटारीच्या ब्रेकपर्यंत पोचला!

आपल्या ओळखीची वाट म्हणजे मोरचूद, अर्थात कॉपर सल्फेट. द्राक्षबागांत आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीच्या बागांत बुरशीविरुद्ध बोर्डो मिश्रण फवारतात. १ टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद लागते. १ किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबे असते. लिटरला ५ मायक्रोग्रॅम या हिशेबाने ते ५ कोटी लिटर पाण्याला पुरेल. म्हणजे दहा हजार लिटरचे ५००० टँकर! प्रत्यक्षात यातले बरेचसे तांबे चुन्याबरोबर पानांवर आणि मातीत अडकून राहते, सगळे ओढ्यात जात नाही. पण फवारणीचा पंप आणि पिंप ओढ्यावर नेऊन धुतले, तर त्याला मातीत अडकायला वाट उरत नाही. पंप ओढ्यापासून दूर, बागेतच धुवावा, ही साधी सूचना किती मोलाची आहे ते या हिशेबावरून कळते.

परत येण्याची वाट

हे सगळे वाचून निराश होण्याचे कारण नाही. वासाच्या पेशी सतत बाहेर उघड्या असल्यामुळे निसर्गाने त्यांची डागडुजीची सोयही ठेवली आहे. जुन्या पेशी मरतात आणि तळाच्या पेशींतून नव्या तयार होतात. कॅनडातील सडबरी परिसरात निकेल-तांब्याच्या भट्ट्यांमुळे अनेक तळी धातूंनी दूषित झाली होती. तिथले पर्च जातीचे मासे स्वच्छ तळ्यात नेऊन ठेवले, तेव्हा त्यांची वासाची क्षमता थोड्याच काळात परत आली. पाणी सुधारले तर मासाही सुधारतो.

मात्र याला एक अपवाद आहे. फॅटहेड मिनो या माशाची अंडी उबत असताना लिटरला १० मायक्रोग्रॅम तांबे असलेल्या पाण्यात ठेवली आणि बाहेर आलेली पिले स्वच्छ पाण्यात वाढवली. तीन महिन्यांनीही ही पिले भयद्रव्याला प्रतिसाद देत नव्हती. घडण्याच्या वयात झालेले नुकसान नंतरच्या चांगल्या पाण्याने भरून निघाले नाही. शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

वर्गात करून पाहा

लिटरला काही मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याची कल्पना मुलांना नुसत्या आकड्यांवरून येत नाही. त्यासाठी हा प्रयोग करता येईल.

सात परीक्षानळ्या किंवा काचेचे पेले घ्या. १०० मिलिलिटर पाण्यात ०.४ ग्रॅम मोरचूद विरघळवा. या निळसर द्रावणात लिटरला साधारण १ ग्रॅम, म्हणजे १० लाख मायक्रोग्रॅम तांबे आहे. यातले १० मिलिलिटर दुसऱ्या पेल्यात घेऊन ९० मिलिलिटर पाणी घाला. त्यातले १० मिलिलिटर तिसऱ्यात, असे सातव्या पेल्यापर्यंत करा. दर वेळी प्रमाण दहापट कमी होते. निळा रंग कितव्या पेल्यापर्यंत दिसतो ते मुलांना लिहायला सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या पेल्यातच तो दिसेनासा होईल. सहाव्या पेल्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम आणि सातव्यात १ मायक्रोग्रॅम तांबे असेल. माशाचे नाक बिघडते ते या सहाव्या-सातव्या पेल्यांच्या दरम्यान. पाणी दिसायला अगदी नितळ!

प्रयोग संपल्यावर मुले पेले घेऊन मोरीकडे वळतील. तिथे त्यांना थांबवा आणि विचारा, ‘‘हे कुठे ओतायचे?’’ या लेखाचा खरा प्रश्न तोच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत लोखंडी खिळ्यावर तांबे चढवण्याचा प्रयोग दर वर्षी होतो. उरलेले द्रावण सहसा मोरीत जाते. १० ग्रॅम मोरचुदातले तांबे ५ लाख लिटर पाण्यात लिटरला ५ मायक्रोग्रॅम भरते, हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. मग तोच खिळ्याचा प्रयोग उपयोगाला येतो. उरलेले सगळे द्रावण एका प्लास्टिकच्या बरणीत साठवा, त्यात लोखंडी खिळे टाकून ठेवा. तांबे खिळ्यांवर जमते आणि निळा रंग जातो. रंग गेला म्हणजे तांबे गेले असे नाही, हे तर पेल्यांनी आताच शिकवले. म्हणून वरच्या पाण्यात धुण्याचा सोडा घाला, जमलेला गाळ वाळवा आणि चिठ्ठी लावून बंद डब्यात वेगळा ठेवा.

दुसरा उपक्रम निरीक्षणाचा आहे. गावच्या तळ्यात किंवा शाळेतल्या टाकीत मासे असतील, तर वरून हाताची सावली फिरवा. मासे किती वेळात पांगतात, किती वेळाने पुन्हा एकत्र येतात, खाणे पुन्हा कधी सुरू करतात, ते घड्याळ लावून नोंदवा. हीच निरीक्षणे महिनाभर, एकाच वेळी, एकाच जागी करा. जिवंत माशांच्या पाण्यात मोरचूद किंवा दुसरे काहीही टाकून पाहू नये, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे. एवढ्या नोंदींवरून पाण्यात धातू आहेत की नाहीत हे कळणार नाही. पण मासा ‘आहे की नाही’ एवढेच पाहण्याची आपली सवय मोडेल आणि तो ‘काय करतो आहे’ हे पाहण्याची सवय लागेल.

पुढच्या वेळी पुलावरून खाली डोकावताना दोन-चार मासे दिसले, तर आनंद जरूर होऊ द्या. फक्त ‘मासे आहेत’ एवढ्यावर न थांबता थोडा वेळ पाहत राहा. पुलाच्या कठड्यावरून तुमची सावली पाण्यावर पडली, तेव्हा ते दचकले का?